ताळाकाका आणि सूरसागरातली किल्ली

गुजरातेत मकरपुऱ्याला आमचा कपबश्यांचा कारखाना होता, तिथली ही गोष्ट. साल ऐंशीच्या आगेमागे. मी तिथे कपांवर फुलं चिकटवायची. भिजवलेला फुलाचा कागद अलगद कपावर सरकवायचा, फडक्याने दाबायचा, की पुढचा कप. हात कामात आणि तोंड मोकळं. त्यामुळे कारखान्यातली बित्तंबातमी मला असायची. बायका म्हणायच्या, पद्माला विचारा, मग पेपर घ्यायची गरज नाही. म्हणू देत.

तर ही गोष्ट आमच्या लक्ष्मीकांतकाकांची. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारा कारखान्यात एकच माणूस होता, तो म्हणजे ते स्वतः. "हा लक्ष्मीकांत सांगतोय ते ऐका," अशीच त्यांची सुरुवात असायची. बाकी सगळे त्यांना ताळाकाका म्हणत. गुजरातीत कुलपाला ताळुं म्हणतात, आणि कुलपाशिवाय काकांचं पान हलत नसे. दांडिया बाजारात ते आमच्या शेजारी राहायचे. त्यांच्या घरच्या मंदाकिनीकाकू म्हणायच्या, लग्न माझ्याशी केलं, संसार मात्र कुलपाशी चाललाय.

काका कारखान्यातलं विजेचं काम बघत. जितक्या मोटारी तितके त्यांचे खटके, फ्यूज आणि कॉन्टॅक्टर. हे सगळं एका लांबलचक लोखंडी कपाटात बसवलेलं होतं, त्याला पॅनल म्हणायचे. काका त्यातला एकेक कप्पा पाळीपाळीने बंद करून उघडायचे. धूळ झाडायची, ढिले स्क्रू आवळायचे, कॉन्टॅक्टरच्या काळवंडलेल्या चांदीच्या टिकल्या तपासायच्या, तारांतून वीज कुठे गळत नाही ना ते मेगर नावाच्या यंत्राचा दांडा फिरवून बघायचं. शेवटी नाक लावून वास घ्यायचा. तुम्हाला फोडणी करपल्याचा वास जसा शेजारच्या घरातून येतो, तसा मला तार तापल्याचा येतो, असं ते मला ऐकवायचे. नम्रपणा या माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. डिप्लोमा झालेला होता, आणि तो ते दिवसातून एकदा तरी सांगायचे.

विजेपाशी उभं राहिलं की डावा हात खिशात घालायचा, ही त्यांची सवय. दोन्ही हात पॅनलमध्ये गेले तर विजेला छातीतून जायला रस्ता मिळतो म्हणे. बरं, कारखान्यापुरतं ठीक आहे. पण हा माणूस घरी दिवा लावतानाही डावा हात खिशात घालायचा. गल्लीतल्या भास्कररावांच्या मुलीच्या लग्नात मांडवातल्या तारा बघायला कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेले. डावा हात खिशात, उजव्या हाताने निम्मे दिवे बंद करून आले. मांडवात अंधार पडला आणि फोटोवाला डोक्याला हात लावून बसला. काकू म्हणाल्या, ह्यांच्या सगळ्या विजारींचे डावे खिसे मी रफू करते, उजवे कोरे करकरीत.

आता कुलपाचं सांगते. आमच्याकडे माती दळायचं एक भलंमोठं लोखंडी पिंप होतं. आडवं. एखादी खोली म्हणा ना. आतून त्याला दगडाचं अस्तर, आणि त्यात माती, पाणी आणि गोटे भरून ते मोटारीवर गरगर फिरवायचं, की मातीची खीर तयार. दगड झिजले की माणसाला आत शिरून नवे बसवावे लागत. आणि हे काम करायचा माझा सख्खा मोठा भाऊ, हंबीरराव. तो आत बसलेला असताना कोणी बाहेर चुकून खटका वर केला असता, तर काय झालं असतं ते मी सांगायला नको. म्हणून काका पिंपाचा खटका खाली पाडायचे आणि त्याला कुलूप घालायचे. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं, पितळेचं, चांगलं मुठीएवढं.

त्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. काकू म्हणाल्या, एक देवघरात ठेवा. छे. दुकानातून निघाले ते काका थेट सूरसागरावर गेले आणि दुसरी किल्ली तलावात फेकून आले. किल्ल्या दोन असल्या की कुलूप दोघांचं होतं, आणि दोघांचं कुलूप म्हणजे कोणाचंच नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचे मॅनेजर जगदेवराव यांना हे मुळीच पसंत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण मालाची घाई त्यांच्या मानगुटीवर बसलेली असायची. कुलपापायी एकदा जरी काम अडलं तर सगळ्या कुलपांच्या जादा किल्ल्या ऑफिसात टांगीन, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

काकांची आणखी एक रीत होती. पिंपातून बाहेर आलेल्या माणसाने पॅनलपाशी जायचं, कुलपाला हात लावायचा आणि मोठ्याने "मी बाहेर" म्हणायचं. गुजराती कामगार "हुं बहार" म्हणायचे. काही जण तर देवळातल्यासारखा हात कपाळाला लावायचे, थट्टेने. माझा दादा लांबूनच ओरडायचा, मग काका त्याला परत बोलावून कुलपाला हात लावायला लावायचे. सगळ्यांचं म्हणून झालं की मगच किल्ली फिरायची.

त्या वर्षी राखीच्या सुमारास पिंप दुरुस्तीला काढलं होतं. दगड बसवून झाले, सगळे जण रीतसर "मी बाहेर" म्हणाले. पण सिमेंट सुकायला हवं, म्हणून राखीची सुटी संपेपर्यंत कुलूप तसंच राहणार होतं. कुलूप असं रात्रीबेरात्री राहायचं असलं की काका किल्ली खिशात ठेवत नसत, जानव्याला बांधत. विजेच्या कामाआधी हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवणारा माणूस, आणि अंगावर लोखंडाची किल्ली. काकूंनी हे बोलून दाखवलं की ते म्हणायचे, ती बनियनच्या आत आहे आणि वर सदरा आहे, तू मला शिकवू नकोस.

इकडे माझं आणि दादाचं बिनसलेलं. नागपंचमीला सगळी मंडळी जेवायला आली होती. माझ्या सासरच्या माणसांसमोर या शहाण्याने माझ्या श्रीखंडाचा घास घेतला आणि म्हणाला, आमच्या पिंपातली माती अशीच असते, फक्त वेलची नसते. सगळे पोट धरून हसले. मी तेव्हाच सांगून टाकलं, या वर्षी राखीला माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. म्हटलं खरं, पण राखी आणून ठेवली होती. लाल रेशमाची, मध्ये जरीचं फूल. राखीच्या दिवशी मी दारातच बसून तांदूळ निवडत होते. निवडलेलेच परत निवडले. दादा काही आला नाही. वहिनी माहेरी गेलेली, तेव्हा तोही सासुरवाडीला गेला असेल असं मी धरून चालले. आणि मनातून इतकी चिडले की राखी साखरेच्या डब्यामागे टाकून दिली.

त्याच दिवशी सकाळी काकांची श्रावणी होती. पौर्णिमेला देवळात सगळे एकत्र बसून जानवं बदलतात. नवं गळ्यात घालायचं, जुनं उतरवून तबकात टाकायचं, आणि मग कोणीतरी ती सगळी जुनी जानवी पाण्यात सोडून येतो. काका मंत्र म्हणत होते, पण लक्ष सगळं वरच्या पंख्याकडे. तो गुणगुणत होता. भास्करराव शेजारी बसले होते, त्यांना काका समजावत होते की या पंख्याच्या तारेत कुठेतरी जोड ढिला आहे. समजावता समजावता नवं जानवं घातलं, जुनं उतरवलं, ओल्या दोऱ्यांच्या ढिगात टाकलं. तबक गेलं सूरसागरावर. किल्ली गेली आपल्या बहिणीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप सुरू व्हायचं होतं. आधी ते अर्धं फिरवून त्याचं तोंड वर आणायचं, मग गोटे आणि माती भरायची. दिवाळीच्या मालाची मागणी डोक्यावर. जगदेवराव स्वतः येऊन उभे होते. आमच्या विभागात फुलं चिकटवायला कप नव्हते, म्हणून आम्ही बायकाही बघायला गेलो. काका ऐटीत आले. डावा हात खिशात, उजवा गळ्याकडे. सदऱ्यातून जानवं ओढून काढलं. नवं कोरं, पांढरं शुभ्र, आणि त्याला काहीच नाही. काकांनी ते गोल फिरवून पाहिलं. मग पुन्हा फिरवून पाहिलं. मग तोंड उघडंच राहिलं.

मला काय झालं असेल ते लगेच कळलं, आणि मला हसू आवरेना. सगळीकडे खसखस पिकली. कोणी म्हणालं, काका, माशांच्या पोटात शोधा. जगदेवराव मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, झालं ते झालं, मागचं झाकण काढा आणि खटका सोडून मधूनच मोटारीला जोड द्या. अर्धाच तर फेरा द्यायचाय. कुलूप राहू दे तिथे लोंबकळत, सवडीने कापा.

काका म्हणाले, जोड देता येतो. चहा होईपर्यंत देईन. पण देणार नाही. मी कुलूप माझ्या हाताने कापीन, मात्र किल्ली गेली म्हणजे आधीचं सगळं रद्द. जे जे पिंपात उतरले होते त्यांनी पुन्हा इथे यायचं आणि पुन्हा "मी बाहेर" म्हणायचं.

आता जगदेवरावांचा पारा चढला. सगळे सुटीच्या आधीच म्हणून गेलेत, पोरखेळ चालवलाय का, असं ते बोलले. शेजारच्या कारखान्यातून वायरमन बोलावतो आणि उद्यापासून सगळ्या किल्ल्या माझ्या टेबलावर, हेही बोलले. काकांनी पॅनलला पाठ लावली आणि उभे राहिले. तोंड लालबुंद. आयुष्यभर जपलेली रीत एका सकाळी जाणार, आणि तीही स्वतःच्या गाढवपणापायी, हे त्यांना कळत होतं. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

मग एकेक जण कुरकुरत पुढे झाला. कुलपाला हात लावून "मी बाहेर", "हुं बहार". सगळे झाले. राहिला हंबीरराव.

जगदेवराव म्हणाले, तो गेला असेल सासुरवाडीला, आज रजा टाकली असेल. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"पद्मा, काल राखीला आला होता?"

"नाही."

"सांगून गेला?"

"नाही. गेला असेल."

"असेल म्हटल्यावर कुलूप निघत नाही," काका म्हणाले.

त्यांनी बॅटरी घेतली आणि पिंपाकडे चालू लागले. पिंपाचं तोंड कमरेच्या उंचीला एका बाजूला होतं. आत काळोख. मी हसायची थांबले होते. मी त्यांच्या मागे मागे गेले. काकांचं पोट चांगलं सुटलेलं. त्यांनी डोकं आत घातलं, खांदे घातले, आणि पोटाशी येऊन अडकले. बाहेर नुसते पाय. डावा हात, शपथेवर सांगते, अजून खिशात होता.

आणि आतून काकांचा आवाज आला. ओरडणं नाही, अगदी हळू. "हंबीर. अरे हंबीर, ऊठ."

दादा आत झोपला होता. कोपऱ्यातला एक दगड नीट बसला नाही असं त्याच्या मनात घोळत होतं, म्हणून तो त्या दिवशी पहाटेच सायकल मारत आला आणि मागच्या दाराने आत शिरला. कुलूप आहे हे त्याने पाहिलं होतं, म्हणून निर्धास्त. दगड ठोकून पाहिला, ठीक होता. राखीच्या रात्री त्याला झोप लागली नव्हती. आत गार, शांत. टोपी तोंडावर घेऊन तो क्षणभर आडवा झाला आणि कुंभकर्णासारखा घोरायला लागला. आधी "मी बाहेर" म्हटलेलं होतंच, तेव्हा पुन्हा आत जाताना कोणाला सांगायला हवं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. उशाला लिलो चेवड्याचं, म्हणजे गुजराती ओल्या चिवड्याचं, पुडकं होतं. सुटी संपून मी कामावर येईन तेव्हा फाटकात गाठून मला द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्या पुडक्याचा पार भुगा झाला होता.

आधी काकांना ओढून बाहेर काढावं लागलं, मग दादा बाहेर आला. डोळे चोळत. सगळे का जमलेत ते त्याला कळेना. मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला, आणि मग मी त्याच्या गळ्यात पडून सगळ्यांसमोर रडले. लाज कसली. माझा भाऊ तो.

जगदेवराव एका उलट्या बादलीवर मटकन बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. कोणीतरी काकांच्या नावाने जयजयकार करायला लागलं, तर काकांनी हात वर करून थांबवलं. डावा हात. तो खिशातून बाहेर आलेला मी त्या सकाळी तेव्हाच पाहिला.

सगळे पांगल्यावर काका मला म्हणाले, "पद्मा, किल्ली असती ना, तर मी कुलूप काढलं असतं. तो म्हणून गेला होता, मी बाहेर. माझ्या दृष्टीने तो बाहेर होता."

असं बोलताना मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, काका, किल्ली नव्हती ना, झालं तर मग. पण ते मान हलवत राहिले. एकाच्या कुलपाने भागत नाही, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटत होते. मग त्यांनी करवत घेतली आणि स्वतःचं कुलूप स्वतः कापायला बसले. लहरीपुऱ्याचा माल तो, सहजी तुटेना. दुपारच्या जेवणापर्यंत खरखर चालली होती. जगदेवराव दोनदा येऊन बघून गेले आणि त्यांनी काकांसाठी चहा पाठवला. जादा किल्ल्यांचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

त्यानंतर रीत बदलली. काकांनी पॅनलच्या खटक्याला एक लोखंडी पट्टी बसवली, तिला ओळीने भोकं. पिंपात जाणाऱ्या प्रत्येकाने आपलं कुलूप आपण घालायचं, आपली किल्ली आपल्यापाशी, आणि आपण बाहेर आल्यावर आपणच काढायचं. सगळी निघाली की मग खटका. लोकांनी घरून कुलपं आणली. कोणाचं ट्रंकेचं, कोणाचं सायकलचं, एकाचं तर पिठाच्या डब्याचं. पॅनल म्हणजे जुन्या बाजारातली टपरी दिसायला लागलं. सगळ्यात शेवटी काकांचं नवं कुलूप. ते मंदाकिनीकाकूंनी स्वतः जाऊन आणलं. किल्ली जानव्याला बांधायची नाही, असं त्यांनी काकांकडून देवासमोर वदवून घेतलं. दुसरी किल्ली काका निघाले होते टाकायला. काकू म्हणाल्या, थांबा, मी येते. सूरसागराचे आभार मानायचे राहिलेत. आणि दोघं नवराबायको तलावावर जाऊन ती किल्ली पाण्यात सोडून शेवउसळ खाऊन आली.

दादासाठी कुलूप मी आणलं. साखरेच्या डब्यामागची राखी शोधून काढली. यंत्रापाशी मनगटात दोरा घालायचा नाही, हाही काकांचा नियम. म्हणून ती लाल राखी मी दादाच्या किल्लीला बांधली. किल्ली खिशात, राखी किल्लीला. पुढे राखी विटली, जरीचं फूल गळून पडलं, मी दर वर्षी नवी बांधत गेले. पिंपाच्या तोंडाशी आला की दादा आधी खिसा चाचपायचा.

काका आता निवृत्त आहेत. गल्लीत कुणाच्याही घरून निघाले की दाराच्या कडीला हात लावून "मी बाहेर" म्हणतात, आणि नवीन सुना चकित होऊन बघत राहतात. परवाच्या राखीला त्यांना आणि काकूंना जेवायला बोलावलं होतं. दादाही होता. मी श्रीखंड वाढलं. दादाने पहिला घास घेतला आणि काकांकडे पाहिलं. काकांनी दादाकडे पाहिलं. दोघंही खाली मान घालून जेवत राहिले.

मला माहीत आहे, त्याला ते अजून मातीसारखंच लागतं. पण त्याने दोनदा मागून घेतलं, आणि मी त्याच्या ताटात तिसऱ्यांदाही वाढलं.